देऊळवाडीच्या बेडकांची पाठवणी

आमच्या बार्शीची माणसं कोकणात जातात ती डिसेंबरात, नाहीतर मे महिन्यात आंबे खायला. मी गेले ती २००९ सालच्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात. सामानात छत्री, गमबूट, मेणकापड आणि कापूस लावलेल्या काड्यांचे गठ्ठे. शाळेतून निवृत्त होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. माझी मुलगी अश्विनी पुण्यात बेडकांवर पीएच.डी. करत होती. तिच्याबरोबर रानोमाळ हिंडणारी मैत्रीण ऐन वेळी काविळीनं आडवी झाली आणि एकटीनं जायला तिच्या मार्गदर्शक बाई परवानगी देईनात. "आई, तूच चल," असं आशू फोनवर म्हणाली तेव्हा मी हसले. मला बेडकांची किळस येते, हे तिला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. पण घरात बसून करमतही नव्हतं. मी हो म्हटलं.

ती नेमकं काय करते हे मला तोवर धड माहीत नव्हतं. एसटीत तिनं ते समजावून सांगितलं. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. थोडाफार श्वासही कातडीनंच घेतो. जगात बऱ्याच ठिकाणी बेडकांच्या या कातडीत एक बुरशी वाढायला लागली आहे. कातडी जाड होते, अंगातल्या क्षारांचा तोल जातो आणि शेवटी हृदय बंद पडतं. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात डोंगरातले कित्येक ओढे असे मुके झाले. बुरशी पसरते पाण्यातून, चिखलाच्या बुटांतून, आणि माणसं बेडूक इकडून तिकडे नेतात त्यातून. आपल्याकडे ती पोचली आहे का, पोचली असेल तर कुठवर, हे तेव्हा कुणाला नीटसं ठाऊक नव्हतं. म्हणून आशू बेडूक धरायची, त्याच्या पोटावरून, मांड्यांवरून आणि बोटांमधल्या पडद्यांवरून काडी फिरवायची, ती काडी कुपीत बंद करायची आणि बेडूक होता तिथंच सोडून द्यायची. तपासणी पुढं पुण्याला.

"म्हणजे घसा दुखला की डॉक्टर काडी फिरवतात, तसं," मी म्हटलं.

"अगदी तसं. फक्त हे पेशंट उड्या मारतात."

मालवण

मालवणात बंदराजवळ कुबलवहिनींकडे आम्ही खोली घेतली होती. कुबलांची स्वतःची होडी आहे. नवरा मासे मारतो, वहिनी बाजारात विकतात. पण पावसाळ्याचे हे दिवस मासेमारी बंदची. साऱ्या होड्या वाळूवर ओढून, वर झावळ्या टाकून ठेवलेल्या, आणि दर्या इतका उधाणलेला की खोलीत बसूनसुद्धा बोलताना आवाज चढवावा लागायचा. आमच्याकडे या दिवसांत पेरणी झालेली असते आणि माणसं आभाळाकडं बघत बसतात. इथं माझ्या वाळत घातलेल्या साडीवर तिसऱ्या दिवशी बुरशी आली. आशू म्हणाली, "बघ, घरातच सापडली." हा तिचा विनोद.

पहिल्याच संध्याकाळी वहिनींनी कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा वाढला. आमच्या घरात मासा शिजत नाही. मी आधी पिठीच खात बसले. मग वासानं राहवेना, म्हणून बांगड्याचा एक तुकडा तोंडात टाकला. खारट, कडक, धुराच्या वासाचा. दुसरा मागायला मला लाज वाटली, पण वहिनींनी तो न मागता वाढला.

बेडूक शोधायला आम्ही गावाबाहेरच्या सड्यावर जात होतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात ते तव्यासारखं काळंठिक्कर असतं म्हणे. मी पाहिलं तेव्हा खडकाच्या प्रत्येक खळग्यात पाणी साचलं होतं, कडेनं पोपटी गवत उगवलं होतं आणि त्या गवतात पांढरी, जांभळी, इवलीइवली फुलं. एका टोकाला उभं राहिलं की खाली माडांचे शेंडे आणि त्यापलीकडे मातकट समुद्र. पाऊस समुद्रावरून येताना दिसायचा. पांढरा पडदा ओढत कुणी चालत यावं तसा यायचा, आम्हाला भिजवून पुढं जायचा, आणि मागं लख्ख ऊन पडायचं.

माझं काम कुप्या धरायचं आणि झाकणं लावायचं. बेडूक अंगठ्याच्या पेराएवढे, मातीच्या रंगाचे. आशू दगड अलगद उचलायची, एक झडप, आणि मूठ बंद. प्रत्येक बेडकाला नवा हातमोजा. एकाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून. मी मान वळवून कुपी पुढं करायची. दुसऱ्या दिवशी मान थोडी कमी वळली. तिसऱ्या दिवशी मी एकाचे डोळे नीट बघितले. सोनेरी होते.

परत आल्यावर खरा सोहळा असायचा बुटांचा. आशू अंगणात घमेल्यात ब्लीचिंग पावडरचं पाणी करायची आणि आमचे गमबूट तळव्यापर्यंत ब्रशनं घासून वाळत ठेवायची. एका सड्यावरचा चिखल दुसऱ्या ओढ्यात जाता कामा नये. कुबलवहिनी ओट्यावर सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत हे बघायच्या.

"काय गो बाये, आज किती बेडकांका आंघोळ घातलंस?"

"बेडकांना नाही वहिनी, बुटांना."

"माका वाटता, बेडकांपेक्षा ह्या बुटांचेच लाड जास्ती." मग त्यांनी विचारलं, "बेडकांका रोग झालो तर आमचा काय जाता, सांग बघू."

आशूनं त्यांना डासांचं सांगितलं, भातावरच्या किड्यांचं सांगितलं. बेडूक काय खातो आणि बेडकाला कोण खातं, हेही सांगितलं. वहिनी ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आमचो मासो कमी झालो तेवा पण कोण असो बघूक येवक होयो होतो." आणि त्यांनी सुंगटांची टोपली बाजूला ठेवून आशूला बूट घासायला मदत केली.

ओरोस

सावंतवाडीकडच्या ओढ्यांत जाण्याआधी वनखात्याला वर्दी द्यायची होती, म्हणून एक दिवस ओरोसला गेलो. नवी कोरी सरकारी वसाहत, रुंद रस्ते, कचेऱ्या, कर्मचाऱ्यांची घरं, आणि सगळ्यांच्या मधून धो धो पाऊस. कचेरीत आमची गाठ पडली वनपाल धुरीसाहेबांशी. ते इन्सुलीकडचे, बैठकीसाठी आलेले. कागद वाचून त्यांनी आशूकडं चष्म्यावरून पाहिलं.

"बेडकांच्या डॉक्टर म्हणजे तुम्ही?"

"अजून व्हायचीय."

"आमच्याकडे बेडकांचा वेगळाच त्रास आहे," ते म्हणाले. मोठे बेडूक पावसाच्या सुरुवातीला शेतांत बाहेर पडतात. काही लोक ते पकडून सीमेपलीकडच्या हॉटेलांना विकतात. बेडूक पकडणं कायद्यानं बंद आहे, तरी पोती जातातच. "एखादं सापडलं तर कळवीन," असं म्हणून त्यांनी आशूचा मोबाइल नंबर हातावर लिहून घेतला. पाऊस इतका होता की हातावरचा नंबर बसस्टँडपर्यंत टिकेल असं मला वाटलं नाही.

टिकला. दोन दिवसांनी सकाळी आम्ही घावणे खात होतो तेव्हा फोन आला. इन्सुलीजवळ हमरस्त्यावर एका एम-८० मोपेडवर बेडकांचं पोतं सापडलं होतं. "पंचनामा झालाय. वरून परवानगी आली की सोडून देणार. बघायचे असतील तर लगेच या."

इन्सुली

बाबल नावाचा ओम्नीवाला कुबलांच्या शेजारी राहायचा. त्याची गाडी घेऊन आम्ही निघालो. पोचलो तेव्हा वनखात्याच्या छोट्या चौकीपुढं कुणी नव्हतं. पडवीतल्या बाकावर एकटा तिशीचा माणूस ओलाचिंब बसला होता. त्यानं नुसतं हातानं मागं दाखवलं. मागच्या बाजूला ओढा होता, डोंगरातून फेसाळत उतरणारा. धुरीसाहेब काठावर उभे होते आणि त्यांच्या रखवालदारानं पोत्याचं तोंड सोडायला घेतलं होतं.

आशू धावली. माझी शांत पोरगी, चारचौघांत मोठ्यानं न बोलणारी, चिखलातून धावत जाऊन पोतं आणि पाणी यांच्या मध्ये उभी राहिली.

"साहेब, थांबा. इथं नका सोडू."

धुरीसाहेबांना काही समजेना. "मॅडम, मी यांना सोडवलंय. आणि तुम्ही मला सोडू देत नाही?"

तिनं भरभर सांगितलं. हे शेतातले बेडूक. हा ओढा डोंगरातला. यात राहणारे लहान बेडूक दुसरीकडं कुठंच सापडत नाहीत. पोत्यातल्या एकाच्याही अंगावर ती बुरशी असली तर आज ती या ओढ्यात उतरेल आणि मग तिला परत काढायला कुणी येऊ शकणार नाही.

"मग सोडायचे कुठं?"

"जिथले आहेत तिथंच. त्यांच्यावर जे काही असेल ते तिथं आधीपासून आहे. पण सगळे एकाच ठिकाणचे असले तरच. चार गावांचे एका पोत्यात घातले असतील, तर एव्हाना एकाचं दुसऱ्याला लागलंय."

"आणि चार गावांचे निघाले तर?"

आशूनं पोत्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "तपासणी झाल्याशिवाय सोडता येणार नाहीत. तपासणीला महिने लागतील."

तितके दिवस टबात ठेवलेले बेडूक जगणार नाहीत, हे सगळ्यांनाच कळत होतं. धुरीसाहेबांनी पोतं उचलून पडवीत आणवलं.

तिथं मी ते पहिल्यांदा पाहिले. वीतभर लांब, दांडगे, आणि त्यातले नर पिवळेजर्द. हळदीत बुडवून काढल्यासारखे. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या. वीणीच्या थोड्या दिवसांत नर असे रंगतात, एरवी हाच प्राणी मळकट हिरवा असतो, असं आशूनं सांगितलं. किळस यायची ती आलीच नाही. मी पुढं वाकून बघत राहिले.

सगळं आता बाकावरच्या माणसावर येऊन ठेपलं होतं. त्याचं नाव गुणाजी. शेती करायचा, आणि हे असं अधूनमधून. धुरीसाहेबांनी विचारलं, बेडूक कुठले.

"हंयसून थंयसून," तो मान खाली घालून म्हणाला. "आता खंयचे खंयचे, ता माका सांगाक येवचा नाय."

"अरे, खरा सांग. ह्या बाईंचा सगळा काम तुझ्या तोंडार अडकला हा."

तो बोलेना. धुरीसाहेब चिडले, आत गेले, बाहेर आले. आशू हवालदिल होऊन माझ्याकडं बघत होती. वर्गात मी असे पुष्कळ पोरगे पाहिले आहेत. शिक्षेला भिणारा पोरगा मास्तरांकडं चोरून बघतो. गुणाजी साहेबांकडं बघतच नव्हता. मी बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"गुणाजी, तुला भीती कुणाची वाटते? साहेबांची?"

त्यानं मान हलवली. "सायबांनी काय करूचा ता केल्यानी."

"मग?"

त्यानं सदऱ्याचं ओलं टोक पिळलं. मग तो हळूच म्हणाला, "आवशीची."

आवस म्हणजे आई. एकदा तोंड उघडल्यावर मग तो सगळं बोलला. बेडूक सगळेच्या सगळे त्यांच्याच कुणग्यांतले, म्हणजे भाताच्या वाफ्यांतले. देऊळवाडीला, देवळाच्या खालच्या अंगाला. दुसरीकडचा एकही नाही. "आवस त्येंका हात लावक देणा नाय. पावसात ते वरडाक लागले की ती पडवेत येवन आयकत बसता. औंदा ते एकदम गप झाले, तर माका इचारता, गुणा, बेडूक कित्याक वरडनत नाय? मी म्हटलंय, पाऊस कमी आसा म्हणान." तो माझ्याकडं वळला. "तिका कळला तर ती माका घरात घेवची नाय."

"खरंच एकही बाहेरचा नाही?" आशूनं विचारलं.

"देवाशपथ नाय."

"मी येते तुझ्याबरोबर," मी म्हटलं. "आईशी मी बोलते." का म्हटलं कोण जाणे. त्या बाईला मी ओळखतही नव्हते.

देऊळवाडीला सोडायची नवी परवानगी येईपर्यंत आशूनं प्रत्येक बेडकावर काडी फिरवली. हातमोजे संपत आले तेव्हा धुरीसाहेबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लॅस्टिकच्या नव्या पिशव्या मागवल्या आणि त्या हातात घालून काम सुरू झालं. मध्येच आशू थबकली. एका मोठ्या मादीच्या पाठीवरून पातळ पांढरं कातडं सुटत होतं. आशूचा चेहरा उतरला. आजारी बेडकाची कातडी अशी तुकड्यातुकड्यांनी गळते, आणि त्याला उताणं केलं तर तो पालथा होत नाही, तसाच पडून राहतो, हे तिनंच मला सांगितलेलं होतं. तिनं मादीला अलगद उताणं ठेवलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो, धुरीसाहेब, रखवालदार, गुणाजीसुद्धा.

मादी ताडकन पालथी झाली. मग तिनं पुढच्या दोन्ही हातांनी डोक्यावरून ते कातडं ओढलं, स्वेटर काढावा तसं, आणि तोंडात घालून चक्क गिळून टाकलं.

"कात टाकतेय," आशू म्हणाली. "सगळेच टाकतात. अख्खी निघाली. चांगली आहे ती." आणि ती हसायला लागली. थांबेचना. धुरीसाहेबांनी चहा सांगितला, गुणाजीलाही.

देऊळवाडीच्या वाटेवर

परवानगी आली तेव्हा दुपार झाली होती. बेडूक दोन मोठ्या टबांत घातले. वर बांधायला काही नव्हतं. मी पिशवीतून माझी जुनी हिरवी साडी काढली, ती फाडून ओली केली आणि दोन्ही टबांची तोंडं बांधली. आता राहिला बाबल.

"म्याडम, माझ्या गाडयेत माणसा बसतत. बेडूक नाय."

आशूनं त्याची बरीच मनधरणी केली. शेवटी तो एका अटीवर तयार झाला, टब सगळ्यात मागं आणि त्यानं मागं वळून बघायचं नाही. धुरीसाहेब गुणाजीला मोटारसायकलवर मागं बसवून पुढं निघाले आणि आम्ही त्यांच्या मागून.

रस्ता रानातला. दोन्ही बाजूंना काजूची कलमं, मधूनच नांगरलेल्या चिखलात पाठीवर इरलं घेऊन लावणी करणाऱ्या बायका. मी काचेतून बघत होते. तेवढ्यात गाडी एका खड्ड्यात आदळली. मागून 'डरांव' असा आवाज आला. मी वळून पाहिलं तर एका टबावरची साडी सुटली होती. गाठ मी बांधलेली.

पुढचं सगळं फार वेगात झालं. एक बेडूक सीटच्या पाठीवर. एक आशूच्या खांद्यावरून पुढं. आणि एक पिवळाधमक नवरदेव थेट स्टिअरिंगजवळ, काचेसमोरच्या गणपतीशेजारी जाऊन बसला. बाबलनं गाडी कडेला घेतली, अगदी व्यवस्थित, ब्रेक लावला, दार उघडलं आणि रस्त्यावर उतरून पाऊस अंगावर घेत उभा राहिला.

"आई, दारं लाव. एकही बाहेर जाता कामा नये," आशू ओरडली.

दारं लावली. मग आम्ही मायलेकी बंद ओम्नीत बेडूक पकडू लागलो. पिशव्या हातात घालून. आशूनं सीटखालून तीन-चार काढले. मी गणपतीशेजारच्याकडं सरकले. तो माझ्याकडं बघत होता, गळा फुगवत. मी दोन्ही हातांनी त्याला धरला. किती जड असतो बेडूक. आणि किती जोर असतो त्याच्या मांड्यांत. तो हातात धडपडत होता आणि मी ओरडत होते, "धरला, आशू, धरला," आणि काचेबाहेरून बाबल दोन्ही हातांनी कान झाकून आमच्याकडं बघत होता. मला वाटतं, माझ्या अख्ख्या नोकरीत मी एवढी हसले नसेन.

सगळे परत टबात गेले. या खेपेला गाठ आशूनं मारली. बाबलनं आत बसण्याआधी सीट चाचपून पाहिली.

देऊळवाडी

वाडी म्हणजे दहाबारा कौलारू घरं, वर डोंगर, मध्ये एक लहानसं देऊळ आणि त्याच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे कुणगे, पाण्यानं काठोकाठ भरलेले. गुणाजीची आई पडवीत भाताची रोपं जुडीनं बांधत होती. सुकलेल्या अंगाची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मुलगा वनखात्याच्या माणसाच्या मोटारसायकलवरून उतरताना तिनं पाहिला आणि ती उभी राहिली.

मी बोलायचं ठरवून आले होते. पण टब खाली ठेवले, आशूनं साडी सोडली, आणि मग बोलायला काही राहिलंच नाही. ती जवळ आली. टबात बघितलं. मग मुलाकडं.

"गुणा, ह्या काय?"

गुणाजी दोन पावलं मागं सरला.

"लगनाक निघालेले नवरे तू पोत्यात भरलंस?"

तिनं आवाज चढवला नव्हता. गुणाजीचे डोळे भरून आले. एवढा बाप्या माणूस, हाताच्या पाठीनं नाक पुसत उभा. मी मध्ये पडले. म्हटलं, "वहिनी, त्यानं खरं सांगितलं म्हणून हे परत आले. खोटं सांगितलं असतं तर आले नसते."

ती माझ्याकडं वळली. "तुमी खंयच्या?"

"बार्शीच्या. सोलापूरकडे."

"थंय पाऊस पडता?"

"पडतो, पण थोडा."

"मगे बेडूक?"

"वरडतात. पण थोडे दिवस."

तिनं मान हलवली, जणू माझं दुःख तिला कळलं. मग मुलाला म्हणाली, "चल. तू धरलंस, तू सोड. एकेकाक."

आशूनं जपून ठेवलेला शेवटचा मोज्यांचा जोड गुणाजीला दिला. तो बांधावर गुडघे टेकून बसला आणि टबातून एकेक बेडूक काढून पाण्याला लावू लागला. पहिला क्षणभर तळहातावरच बसून राहिला. मग त्यानं अशी झेप घेतली की आमच्या तोंडावर पाणी उडालं. पिवळे गेले, मळकट हिरव्या माद्या गेल्या, कात गिळणारीही गेली. धुरीसाहेब बांधावर उभं राहून फोटो काढत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "तो बघा, तो माझ्या गणपतीकडचो." बाबल होता. केव्हा गाडीतून उतरून आला, कळलंच नाही.

टब धुवायचे होते, बूट धुवायचे होते, माझी साडीही. आशूनं ब्लीचिंगचं पाणी अंगणात, शेतापासून लांब केलं. साडीचे ते तुकडे बाहेर निघाले तेव्हा त्यांच्यावर पिवळेपांढरे ठिपके उठले होते. गुणाजीची आई म्हणाली, हेच तुकडे पुढं गोधडीला दे. मी ते घरी आणले.

मग तिनं आम्हाला निघू दिलं नाही. चुलीवर तांदळाच्या उकडीचे गोळे शिजत होते. ते गरमागरम लाकडी सोऱ्यात घालून तिनं दाबले की खाली पांढऱ्याशुभ्र शेवया पडायच्या. याला शिरवाळे म्हणतात. नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घालून केलेल्या रसात ते बुडवून खायचे. सोरा दाबायला जोर लागतो. तो गुणाजी दाबत होता, आईच्या शेजारी, चुलीच्या उजेडात. ती त्याच्याशी बोलत नव्हती, पण त्याच्या ताटात तिनं सगळ्यांत आधी वाढलं. धुरीसाहेबांनी त्याला दुसऱ्या दिवशी चौकीवर यायला सांगितलं. त्याच्यावर रीतसर कारवाई झाली. ती कुणी टाळली नाही आणि त्यानंही टाळायची खटपट केली नाही, असं पुढं धुरीसाहेबांकडून कळलं.

आम्ही दुसऱ्यांदा रस घेत होतो तेव्हा दिवस मावळत आला होता, पाऊस थांबला होता. खालच्या कुणग्यातून एक आवाज आला. मग दुसरा. मग इतके, की घरातलं बोलणं ऐकू येईना. गुणाजीची आई हातातला चमचा तसाच ठेवून पडवीत जाऊन बसली. आम्ही तिच्यामागं गेलो आणि सगळे ओळीनं बसलो, धुरीसाहेब, आशू, मी, खांबाला टेकून बाबल.

बार्शी

आशूच्या तपासणीला दिवाळी उजाडली. मी बेसन भाजत होते तेव्हा तिचा फोन आला. मालवणचा सडा, सावंतवाडीकडचे ओढे, देऊळवाडीचे कुणगे, कुठल्याही काडीवर बुरशी निघाली नव्हती.

"म्हणजे आता काळजी नाही," मी म्हटलं.

"यंदाच्या काड्यांवर नाही, आई. एवढंच सांगता येतं. पुढच्या पावसात परत जावं लागेल. तू येशील?"

"हे विचारायचं काय," मी म्हटलं आणि गॅस बंद करून लगेच गुणाजीच्या मोबाइलवर फोन लावला. त्याच्या आईनंच उचलला. मी बार्शीची, असं सांगितल्यावर तिनं आधी पाऊस झाला का विचारलं. बरा झाला, म्हटलं. तिकडं भात कापून झालं होतं, झोडणी चालली होती. मग तिनं माझ्या चेडवाचं, म्हणजे मुलीचं विचारलं, "चेडवाच्या त्या काड्यांचा काय झाला गो?"

"काही निघालं नाही, वहिनी. सगळे निरोगी आहेत."

मग तिनं फोन तसाच हातात ठेवून हाक मारलेली मला ऐकू आली.

"गुणा, तुझे बेडूक पास झाले रे."

लांबून, खळ्यातून असावा, भात झोडायचा आवाज थांबला.

"सगळे?"

"सगळे."